थोरली का धाकटी

थेंब पडला आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग काचेवरच्या त्या सुक्या तुकड्याच्या कडेनं हळूहळू गुलाबी रंग धरला; पान खाल्लेल्या माणसानं पांढऱ्या रुमालाला ओठ टिपावेत तसा.

मंजुश्री मॅडमनी ड्रॉपर खाली ठेवला. "काका, जरा इकडं या. काय दिसतंय तुम्हाला?"

ईश्वरप्पा मोरीत परीक्षानळ्या विसळत होता. सदऱ्याला हात पुसत तो आला आणि चष्मा कपाळावर सरकवून काचेवर वाकला.

"गुलाबी दिसून राहिलंय, मॅडम."

"मलाही गुलाबीच दिसतंय." मॅडमनी शेजारचं खाकी पाकीट उचलून त्यावरचा आकडा वाचला. "आणि हे एकसष्ट नंबरचं आहे. इस्लापूरचं. हणमंतराव सरांचं."

बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढल्यावर एवढं ईश्वरप्पाला कळत होतं, की इस्लापूरच्या पाकिटातला तुकडा गुलाबी व्हायला नको होता. असा रंग आपण आधी कुठंतरी बघितलाय असंही त्याला वाटलं. पण कुठं, ते काही सापडेना.

अहमदपूरच्या त्या कॉलेजात ईश्वरप्पा लॅब अटेंडंट होता. कागदोपत्री परिचर, पोरांच्या तोंडी काका. कपाळाला विभूती लावून तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या नंतर कुलूप लावायचा. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत पत्र्याची चार कपाटं होती. त्यांत इथले जुने प्राध्यापक हणमंतराव सरांनी जमवलेल्या बुरशींची साडेतीनशे पाकिटं डांबराच्या गोळ्यांच्या वासात झोपलेली असत. कुठलं पाकीट कुठल्या खणात, हे रजिस्टर न उघडता सांगणारा माणूस कॉलेजात एकच होता.

बुरशी म्हटलं की लोकांना लोणच्यावरची नाहीतर शिळ्या भाकरीवरची आठवते. ही तशी नव्हे. जंगलात मरायला टेकलेल्या झाडाच्या खोडावर फळी ठोकावी तशी उगवणारी ही दातेरी बुरशी. वरून साधीच, पण खालून बोट फिरवलं तर हजारो बारीक मऊ दात. या कुळात दोन सख्ख्या बहिणी. त्यांची लॅटिन नावं जिभेवर ठरेनात, म्हणून ईश्वरप्पानं आपल्यापुरती नावं ठेवली होती : थोरली आणि धाकटी. थोरली थंड मुलखातली, जाडजूड, कौलांसारखे एकावर एक थर लावून बसणारी. धाकटी उष्ण मुलखातली, पातळ, अंगावर जराशी लव असलेली. पुऱ्या वाढल्या की दोघी वेगळ्या ओळखू येतात. लहान असताना, आणि त्यातून सुकल्यावर, भल्याभल्यांना फसवतात. मग पोटॅशच्या पाण्याचा थेंब टाकून बघायचं. धाकटी लाजते, गुलाबी होते. थोरलीला काही म्हणजे काही होत नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वी सरांनी किनवटजवळच्या इस्लापूरच्या जंगलात थोरली सापडल्याचं जाहीर केलं होतं. थंड मुलखातली बुरशी, आणि मराठवाड्यात! लेख छापून आला, लांबलांबच्या विद्यापीठांतून पत्रं आली, आणि कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत दर वर्षी त्यावर एक ओळ यायला लागली. आता मंजुश्री मॅडम किनवटच्या जंगलातल्या बुरशींवर पुस्तक लिहीत होत्या. महिन्याभरात ते छापायला जायचं होतं. प्रत्येक जुना नमुना स्वतः तपासून मगच पुस्तकात घ्यायचा, असा त्यांचा हट्ट; म्हणून एकसष्ट नंबर टेबलावर आला होता.

"बासष्ट आणा बरं," मॅडम म्हणाल्या.

बासष्ट म्हणजे सरांच्या एका मित्रानं त्याच वर्षी हिमालयातून पोस्टानं पाठवलेली थोरली. इस्लापूरचा नमुना तिच्याशी ताडून बघायचा म्हणून मुद्दाम मागवलेली. तिच्यावर थेंब पडला. दोघं वाट बघत राहिले. तुकडा ओला झाला, बस्स.

मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. मग त्यांनी मान वर केली. "काका, बासष्टमधली थोरलीच आहे. एकसष्टमधली धाकटी. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर सरांची ओळख चुकली. नाहीतर या दोन पाकिटांतला माल कधीतरी इकडचा तिकडं झाला."

दोन्ही पाकिटांवरचं अक्षर ईश्वरप्पाचं होतं.

त्याच दिवशी दुपारी मॅडमनी सरांना नांदेडला फोन लावला. सर निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. आता चौऱ्याहत्तरचे होते. मॅडम व्हरांड्यात उभ्या राहून बोलत होत्या आणि ईश्वरप्पा आत उगाच पुसलेलं टेबल पुन्हा पुसत होता. त्या आत आल्या तेव्हा त्यांची नजर टेबलावरच होती.

"सर म्हणाले, ते छत गळालं होतं ना एका वर्षी... तेव्हा पाकिटं ईश्वरप्पानं नवीन बांधली. त्याच्याकडून अदलाबदल झाली असेल."

ईश्वरप्पानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"तसं असेल तर सरांचा शोध खराच ठरतो," मॅडम म्हणाल्या. "इस्लापूरची ती थोरली, हिमालयातली ती धाकटी. हिमालयातल्या थंडीत धाकटी कशी आली, ते कोडं राहतं, पण राहू दे. तुम्हाला काय आठवतं, काका? मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"आठवून सांगतो," तो म्हणाला.

घरी नीलम्मा ओसरीत मेथी निवडत बसली होती. नवऱ्याच्या चालण्यावरून तिला दिवस कसा गेला ते कळायचं. आज त्यानं चपला काढल्या आणि पुन्हा पायात घातल्या.

"आवं, घरात आलाव का बाहेर चाललाव?"

तो बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. बुरशीतलं नीलम्माला काही कळत नसे, पण बत्तीस वर्षांत एकसष्ट-बासष्ट हे आकडे शेजारच्यांच्या नावांसारखे तिच्या कानावरून गेलेले.

"तुमी अन् बदलताव?" ती म्हणाली. "लेकीच्या लग्नात अक्षतांच्या पुड्या मोजून बांधल्या तुमी. दोनदा मोजल्या."

"छत गळत होतं, नीलम्मा. चाळीस-पन्नास पाकिटं भिजली होती. बाकावर पेपर हातरले, माल वाळवला, अन् नव्या पाकिटात भरला. वरचेवर लाइट जाऊन राहिलती. झाली असंल गलती."

"असंल का झाली?"

"तेच तर कळंना."

"कळंना तर कळंना म्हणून सांगा की."

"मी बरोबर असलो तर सर चुकले म्हणायचं," ईश्वरप्पा म्हणाला. "हे ध्यानात येतंय का तुझ्या?"

नीलम्मानं मेथीची जुडी खाली ठेवली. तिच्या ध्यानात आलं होतं. सरांनीच त्याला हंगामी कामावरून कायम करून घेतलं होतं. सरांनीच त्याला बुरशी कापायला, वाळवायला, सुवाच्य अक्षरात नाव घालायला शिकवलं होतं. शेतमजुराच्या पोराला त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं होतं, आणि त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नव्हता, नुसता बोलत राहिला होता.

"मग मीच चुकलो असं म्हणतो," तो म्हणाला. "सोपं हाय."

"सोपं हाय म्हणून खरं हाय का?" एवढं विचारून नीलम्मानं जुडी पुन्हा मांडीवर घेतली.

पुढचे चार दिवस ईश्वरप्पानं आठवण्यात घालवले. गळतीचा तो दिवस तो मनात पहिल्यापासून मांडायचा : बाकं, त्यांवर वर्तमानपत्रं, गरगरणारा पंखा, ओल्या खाकी कागदाचा वास. एकसष्ट डाव्या हाताला, बासष्ट उजव्या. दुसऱ्यांदा मांडायला जावं तर एकसष्ट उजवीकडं सरकलेलं असायचं. तिसऱ्यांदा दोन्ही एकाच पेपरावर. आठवण हातात येईपर्यंत बदलून जायची. शेवटी कुठलं घडलेलं आणि कुठलं आपण रचलेलं, हेच त्याला उमगेना.

मग त्याचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. बाटलीवरचं लेबल तो तीनतीनदा वाचायला लागला. कुलूप लावून गेटपर्यंत जायचा आणि परत येऊन ओढून बघायचा. गुरुवारी दुसऱ्या वर्षाच्या पोरींना त्यानं शेवाळाऐवजी नेच्याच्या काचपट्ट्या मांडून दिल्या. बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. पोरी हसल्या. त्यानंही हसायचा प्रयत्न केला. मागच्या खोलीत जाऊन तो स्टुलावर बसला. आपण बदलली असतील पाकिटं. जो माणूस आज नेचा आणि शेवाळ ओळखत नाही, त्यानं तेव्हा काय काय बदललं असेल!

त्यानं एकसष्ट नंबर काढून मांडीवर घेतला. काही शोधायला नव्हे, नुसता बघायला. बोटांनी चाचपताना पाकिटाच्या तळाशी काहीतरी कुरकुरलं. आत वर्तमानपत्राच्या कागदाची चपटी पुडी होती. त्यानं बासष्ट चाचपलं. तिथंही पुडी. तेव्हा त्याला आठवलं, की जुन्या पाकिटात जो भुगा उरला होता तो फेकायचा जीव झाला नव्हता. सरांच्या नमुन्याचा भुगा म्हणजेही सरांचाच. प्रत्येक पाकिटाचा भुगा पुडीत बांधून त्याच पाकिटात टाकला होता. मॅडमनी नमुना काढताना पुडीला कचरा समजून हात लावला नव्हता.

त्यानं एकसष्टची पुडी उघडली. भुग्यात नखाएवढा सालीचा तुकडा होता. काळसर, उभ्या-आडव्या भेगांनी चौकोन पडलेला, मगरीच्या पाठीसारखा. नमुन्याच्या बुडाशी, जिथं तो खोडाला चिकटलेला असतो तिथं, एक खळगी होती. त्यानं तुकडा खळगीशी धरला. पडलेला दात हिरडीत परत बसावा तसा तो बसला.

ईश्वरप्पा ओरडलाच. "मॅडम! इकडं या बरं!"

मॅडम धावत आल्या. त्यानं नमुना आणि सालीचा तुकडा पुढं धरला. मॅडमनी भिंग लावून बघितलं.

"साल कशाची आहे ही?"

"ऐनाची. इस्लापूरला ऐनाच्या खोडावरच घावली ती. मीच चाकूनं सोडवली. ऐनाची साल आंधळ्याला बी कळतीय, मॅडम." मग त्यानं बासष्टची पुडी उघडली. त्यातली साल भुरकी, पातळ, पापुद्र्याची. "ही आपल्याकडल्या झाडाची न्हाई. कशाची ते काय मला ठावं न्हाई."

मॅडमनी हातातलं भिंग खाली केलं. "काका, ऐन त्या थंडीत होत नाही. म्हणजे एकसष्टमधली इस्लापूरचीच. म्हणजे तुम्ही काही बदललं नाहीत!" त्यांचा चेहरा फुलला, आणि पुढच्याच क्षणी उतरला. "म्हणजे सर..."

"हाव," ईश्वरप्पा म्हणाला.

चार दिवस छातीवर असलेला दगड उतरला होता, आणि उतरून नेमका जिथं पडू नये तिथं पडला होता. आनंद व्हावा की वाईट वाटावं, ते त्याला ठरवता येईना.

"मी फोन करते सरांना," मॅडम म्हणाल्या.

"फोन नको, मॅडम. जाऊन सांगू. तोंडावर सांगू."

रविवारी सकाळी दोघं नांदेडच्या बसमध्ये बसले. मॅडमच्या मांडीवर पिशवीत दोन्ही पाकिटं. लोहा मागं पडलं तेव्हा मॅडमचा डोळा लागला होता आणि ईश्वरप्पा खिडकीतून सोयाबीनच्या हिरव्या रानाकडं बघत होता. कुणी विचारलं नसताना, काही आठवायचं म्हणून नसताना, त्याला तो दिवस दिसला. गळतीचा नव्हे. त्याच्या आठ वर्षं आधीचा.

इस्लापूरहून आल्याला दोन-तीन दिवस झाले होते. दुपार. लाइट गेलेली, बाहेर आभाळ भरून आलेलं. सर खिडकीपाशी काच धरून उभे होते आणि तो शेजारी ड्रॉपर घेऊन. थेंब पडला. सरांनी काच उजेडाकडं धरली, तिरपी केली, डोळ्यांजवळ नेली. मग त्याच्यापुढं धरली.

"तांबूस दिसतंय का रे तुला काही?"

सरांचा चेहरा त्याला आता बसच्या खिडकीइतका जवळ दिसला. दोन रात्रींचं जागरण, आणि पोरासारखी आशा. तुकड्याच्या कडेला अगदी किंचित रंग आला होता. आला होता. पण सरांना दिसत नाही ते शिपायाला कसं दिसावं? आभाळाचा उजेड असेल. आपल्याच डोळ्यांचा दोष असेल.

"न्हाई, सर," तो म्हणाला होता.

बस नांदेडच्या स्टँडवर शिरली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मॅडमनी हलवलं तेव्हा तो उठला.

सरांचं घर छोटं, अंगणात तुळस आणि कढीपत्ता. सर खुर्चीत बसलेले, पायांवर शाल. ईश्वरप्पाला दारात बघून ते मनापासून हसले.

"या, या! पाकीटबदलू ईश्वरप्पा!"

त्यांच्या मनात काही नव्हतं. ते गमतीनंच म्हणाले. सोळा वर्षांत ईश्वरप्पा चार-पाचदा त्यांना भेटायला आला होता आणि दर वेळी सरांनी त्याच्यावर अशी काहीतरी गंमत केली होती. तो वाकून पाया पडला. सरांच्या पत्नी कस्तुराबाईंनी आतून पाणी आणलं. "नीलम्मा बरी आहे का? गुडघे काय म्हणतात तिचे?" त्यांनी विचारलं. "बरी हाय, वैनी," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून बसला.

मॅडमनी टीपॉयवर पांढरा कागद पसरला आणि दोन्ही पाकिटं उघडून ठेवली. थेंबाचं सांगितलं, सूक्ष्मदर्शकाचं सांगितलं, पुड्यांचं सांगितलं. बोलताना त्या शब्द तोलत होत्या. सरांनी चष्मा बदलला, सालीचा तुकडा उचलला आणि अंगठ्याच्या पेरानं चाचपला. बघायची त्यांना गरजच पडली नाही.

"ऐन," ते म्हणाले.

मग त्यांनी तुकडा नमुन्याच्या खळगीशी लावला, काढला, पुन्हा लावला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे माझी थोरली," सर अखेर म्हणाले, "कधी थोरली नव्हतीच."

"तेव्हा साधनं कमी होती, सर," मॅडम घाईनं म्हणाल्या. "लहान नमुना होता. कुणीही फसलं असतं."

"पण थेंब टाकला होता मी. रंग आला असता तर मी लिहिलं नसतं." सर मॅडमकडं नाही, ईश्वरप्पाकडंही नाही, पाकिटाकडं बघत होते. "पोटॅश जुनं असेल. जुनं झालं की मरतं ते."

"असू शकतं, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती. "तसं लिहू आपण. द्रावण जुनं असावं."

ईश्वरप्पानं तांब्या खाली ठेवला.

"पोटॅश ताजं होतं, सर. सकाळी मीच केलतं."

दोघांनी त्याच्याकडं बघितलं.

"लाइट गेलती. तुमी खिडकीत काच धरून हुबे होताव. मला म्हणलाव, तांबूस दिसतंय का रे तुला. मी न्हाई म्हणलो." "दिसलं होतं, सर. कडेला. थोडंच, पण दिसलं होतं. सरांना दिसंना, मग आपल्याला कसं दिसंल, असं वाटलं मला. म्हून न्हाई म्हणलो. गलती पाकिटाची न्हाई. गलती ती हाय."

सर त्याच्याकडं बघत राहिले. रागावले आहेत की त्यांना ऐकू आलं नाही, ते ईश्वरप्पाला कळेना. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या कस्तुराबाई दारातच थांबल्या होत्या.

"मी तुला विचारलं होतं?"

"हाव, सर."

"मला आठवत नाही," सर म्हणाले. मग कस्तुराबाईंकडं बघून अगदी हळू म्हणाले, "पण विचारलं असणार. विचारल्याशिवाय कसं केलं असतं मी?"

कस्तुराबाईंनी ट्रे ठेवला. "सांगा आता त्याला," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाकायचं?"

सरांनी शाल गुडघ्यांवर सारखी केली. "मला तांबडा रंग नीट दिसत नाही रे, ईश्वरप्पा. गडद असला तर कळतो. फिका असला की राखेसारखा दिसतो. जन्मापासूनच. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, आणि फूल तांबडं का हिरवं ते बायकोला विचारून शिकलेला. नोकरीला लागताना लपवलं, मग लपवतच राहिलो. घरी हिला विचारायचो." ते थांबले. "कॉलेजात तुला. हे पान कसलं दिसतंय रे, ही काच कशी दिसतीय रे. तुझ्या लक्षात नाही आलं कधी?"

ईश्वरप्पाच्या डोक्यात सरांच्या हाताखाली काढलेल्या वर्षांतले सगळे प्रश्न एकदम उभे राहिले. 'बघ बरं, कसा रंग आहे?' 'तुला काय वाटतं?' त्याला वाटायचं सर आपली परीक्षा घेतायत. त्याला वाटायचं सरांना उत्तर ठाऊक असतं. उत्तर देताना तो आधी सरांच्या तोंडाकडं बघायचा, त्यांना काय पाहिजे ते ओळखायचा.

"न्हाई, सर," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुमी मला शिकवून राहिलाव."

"मी बघत होतो रे. तुझ्या डोळ्यांनी."

मंजुश्री मॅडमनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. सरांनी चष्मा काढून शालीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, आणि वर्गात शिरल्यासारखे ताठ बसले.

"लिही, मंजुश्री. पुस्तकात टीप जाऊ दे. इस्लापूर येथील नमुना क्रमांक एकसष्ट ही धाकटी जात आहे. पूर्वीची नोंद रद्द समजावी. लिहिलंस?"

"हो सर." मॅडम वहीत लिहीत होत्या. "कारण काय देऊ?"

"रंगाची चाचणी टिपण्यात निरीक्षकांची चूक."

"निरीक्षकाची," मॅडमनी हळूच दुरुस्ती केली. "लेखावर तुमचं एकट्याचंच नाव आहे, सर."

"निरीक्षकांची," सर म्हणाले. "दोघं होतो आम्ही. खिडकीपाशी. माझं नाव घाल आणि त्याचं घाल."

ईश्वरप्पा गडबडला. "माझं कशाला, सर? पुस्तकात माझं कशाला?"

"बघणारा तू होतास म्हणून." मग सर त्याच्याकडं वळले. काहीतरी विचारायचं होतं, आणि ते विचारायची त्यांना लाज वाटत होती, हे ईश्वरप्पाला दिसलं. "ईश्वरप्पा," ते म्हणाले, "तुझं पूर्ण नाव काय रे?"

कस्तुराबाईंनी पदर तोंडाशी नेला. ईश्वरप्पाला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं का, ते त्याला नीट कळलं नाही. चुकीत नाव लागतंय म्हणून अंग चोरावं, की पुस्तकात लागतंय म्हणून ताठ बसावं, तेही कळेना. तो खुर्चीच्या कडेला पुढं सरकून बसला.

"ईश्वरप्पा बसलिंगप्पा हुडगे," तो म्हणाला.

मॅडमनी लिहिलं आणि वही त्याच्याकडं फिरवली. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

"हु ऱ्हस्व पाहिजे, मॅडम," तो म्हणाला.

मॅडमनी ते अक्षर खोडलं आणि नीट लिहिलं.